आजीचा पलंग नीट करायचाय, पण गणपतीत नको

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी उत्तर कशाचं आहे ते कळेल. देवगड तालुक्यातल्या तुमच्या घरी आजीचा मच्छरदाणीच्या खांबांचा पलंग आहे. त्यावर कधीतरी हिरवा ऑइलपेंट मारलेला आहे आणि कूस बदलली तरी तो करकरतो. आरशाचं एक कपाट आहे. त्याचं पॉलिश काळपट आणि चिकट झालंय, खाली पिठासारखी पूड पडते. चार खणांचं एक बुटकं टेबल आहे, त्याचे खण पावसात ओढून निघत नाहीत. गणपतीला तुम्ही आठ दिवस ठाण्याहून येणार, आणि त्या आठ दिवसांत सगळं मशीनने घासून, वर मेलामाइनचं कडक पॉलिश मारून नवं करायचं तुमच्या मनात आहे.

मी कुडाळ-सावंतवाडी भागात चौतीस वर्षं सुतारकाम आणि पॉलिश करतोय. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं जुनं सामान दुरुस्त करण्यात गेली. त्यावरून तुम्हाला दोनच गोष्टी ठामपणे सांगतो. गणपतीत पॉलिश करू नका, आणि मेलामाइन मारू नका. बाकीचं सगळं तुमच्या हाताने होण्यासारखं आहे.

आधी हवेचं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. भाद्रपदात ऊन पडलं तरी हवेतलं पाणी कमी होत नाही. स्पिरिटचं पॉलिश लावलं की स्पिरिट झपाट्याने उडतं, उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार करतं, आणि त्या गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी बसतं. ते पॉलिशच्या थरात अडकलं की लाकडावर पांढरट धुकं उमटतं. आम्ही म्हणतो पॉलिश पांढरं पडलं. थिनरच्या पॉलिशचंही तसंच होतं. दिवाळीनंतर उत्तरेचा कोरडा वारा सुटला की काम सुरू करायचं आणि होळीपर्यंत आटपायचं. त्यातही सकाळी दव असतं, म्हणून दहाच्या आधी डबा उघडायचा नाही आणि चारनंतर नवा थर द्यायचा नाही.

दुसरं कारण लाकडाचं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, पण लांबीत नाही, रुंदीत. तुमचे खण पावसात अडकतात ते बिघडले म्हणून नाही, त्यांच्या बाजूच्या फळ्या फुगतात म्हणून. मी नवा असताना श्रावणात एका घरी असेच अडकलेले खण रंधा मारून सैल करून दिले होते. शिमग्याला त्या घरी गेलो तर खणाच्या वर बोट जाईल एवढी फट पडलेली, आणि खण ओढला की खाली कलंडायचा. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पावसात रंधो हातात घेव नको." नंतर कडेला पट्ट्या चिकटवून ते खण मी फुकट करून दिले. तेव्हापासून खण मार्चात बघतो. मार्चातही अडकत असेल तरच रंधा. पावसात अडकला तर बाजूंना आणि खालच्या पट्टीवर मेणबत्ती घासायची, तेवढ्यावर भागतं. खण ज्या पट्टीवर सरकतो ती वर्षानुवर्षं घासून खोलगट झालेली असते. तिथे सागाची पातळ पट्टी बसवली की खण पुन्हा सरळ चालतो.

आता मेलामाइन. ते कडक, काचेसारखं बसतं. नव्या प्लायवुडच्या कपाटाला चांगलंच आहे, कारण प्लायवुड फारसं हलत नाही. जुनं भरीव लाकूड मात्र दरवर्षी फुगतं आणि आकसतं. वरच्या बाजूला कडक थर आणि खालची बाजू उघडी असली की पाणी खालून शिरतं, लाकूड हलतं, थर हलत नाही. मग तो सांध्यांशी तडकतो आणि तडकलेल्या जागेतून पांढरा होत जातो. तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. नवा थर जुन्यात मुरत नाही, सगळं खरवडावं लागतं. चपड्याच्या पॉलिशचं तसं नसतं. नव्यातलं स्पिरिट जुना थर विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. दहा वर्षांनी एक ओरखडा पडला तर तेवढ्या जागी पॉलिशमध्ये भिजवलेला कापडी बोळा फिरवून तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकाल. ठाण्याला राहून गावचं घर सांभाळणाऱ्याला हेच पॉलिश सोयीचं. हा चपडा म्हणजे लाखच. पळस, बोर, कुसुम या झाडांवर जगणाऱ्या किड्याची. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्या लाखेने चमकतात तीच. फरक एवढा की तिथे कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी धरतात आणि घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, इथे आपण ती स्पिरिटमध्ये विरघळवतो.

म्हणून गणपतीत फक्त तपासणी करा. तेही काम थोडं नाही.

पहिलं म्हणजे लाकूड ओळखा. पलंगाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीने, म्हणजे सुताराच्या छिन्नीने, नखाएवढा भाग खरवडा. आतून सोनेरी-तपकिरी, बोटाला किंचित तेलकट आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास आला तर साग. जांभळट काळ्या रेषा आणि हाताला जड लागला तर शिसव. आतून पिवळंधमक निघालं तर फणस. आपल्याकडे कितीतरी घरांत साग म्हणून जपलेलं सामान फणसाचं निघतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. फणसाचं लाकूड टिकाऊ असतं, वाळवी त्याला सहसा शिवत नाही, आणि वर्षांगणिक उजेडाने त्याला मधासारखा जो रंग चढतो तो कुठल्याही डब्यात मिळत नाही. म्हणूनच ते मशीनने घासायचं नाही. घासलंत की पुन्हा पिवळं, आणि तो रंग परत चढायला पुन्हा कितीतरी वर्षं. गडद तपकिरी, जड आणि उभ्या चिरा गेलेलं असेल तर बहुधा ऐन किंवा किंजळ. पलंगाचे आडवे दांडे पुष्कळदा याचेच असतात.

मग पूड. कपाटाखाली पडणारं पीठ म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, वाळवी नव्हे. वाळवी मातीच्या नळ्या करत जमिनीतून किंवा भिंतीतून येते, आणि लाकूड आतून खाऊन वर कागदासारखा पापुद्रा ठेवते. ही कीड मात्र लाकडातच वाढते आणि एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर पडते. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही. सालीलगतचा जो पांढुरका भाग असतो, त्यात पिष्ट असतं, ते तिचं अन्न. कपाटाची पाठ आणि खणांचे तळ स्वस्तात व्हावेत म्हणून आंब्याच्या किंवा अशा पांढुरक्या लाकडाचे करायचे, सुरुवात तिथूनच होते. भोकं जुनी आहेत की कीड अजून जिवंत आहे हे बघायचं असेल तर कपाटाखालची जागा झाडून काळा कागद पसरा आणि पंधरा दिवसांनी बघा. फिकट, ताजी पूड पडली तर जिवंत आहे. कपाट हलवल्यावर पडणारी पूड धरू नका, ती जुनी साठलेली असते.

जिवंत असेल तर झोपायच्या खोलीत उग्र औषध नको. टाकणखार आणि बोरिक पावडर पुरतं. एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवायची आणि ब्रशने उघड्या लाकडाला दोन-तीन वेळा पाजायची. भोकांत सुईने सोडायची. उघड्या लाकडाला म्हणतोय, कारण पॉलिशच्या थरातून ती आत जात नाही. कपाटाची पाठ आणि तळ बहुधा कोरेच असतात, तिथूनच द्या. लाकूड पूर्ण वाळल्यावर मगच पॉलिश. हे पोटात जाता कामा नये, तेव्हा मुलांपासून दूर ठेवा आणि हातमोजे घाला. रॉकेल सोडतात, त्याने समोर आलेला किडा मरतो, पण अंडी आणि खोलवरची अळी राहते आणि वासाने महिनाभर कपडे ठेवता येत नाहीत. पाठ अगदीच पोखरली असेल, अंगठ्याने दाबली तर आत जात असेल, तर ती फळी काढून जाळून टाका आणि नवी बसवा.

तपासणीतली तिसरी गोष्ट, पलंगाचे पाय उलटून बघा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा जुन्या कोब्यावर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पलंगाचे पाय खालून चार-सहा बोटं कुजलेले असतात. लाकडाच्या टोकाकडून पाणी नळीतून चढावं तसं चढतं. पटाशीचं टोक टोचून बघा, मऊ लागलं तर तेवढा भाग कापून त्याच जातीचा तुकडा खुंटीने जोडावा लागेल. कातीव पाय असतील तर हे काम कातारी माणसाकडून करून घ्या, घरी जमत नाही. जोडल्यावर पायाच्या तळाला पॉलिशचे चार-पाच जाड थर द्या आणि खाली दगडी किंवा पितळी वाटी ठेवा.

आणि कपाट आज जिथे आहे तिथून चार बोटं पुढे ओढा. जांभ्याची भिंत पावसात पाणी धरते. तिला टेकलेल्या कपाटाच्या पाठीला बुरशी येणारच. आतल्या कपड्यांना जो कुबट वास येतो तो बहुधा त्या पाठीचा असतो, कपाटाच्या वयाचा नाही. आतली बुरशी स्पिरिटने पुसा, दारं दिवसा उघडी ठेवा. आतल्या बाजूला व्हार्निश मारू नका, त्याचा वास वर्षभर जात नाही.

आता डिसेंबरातलं काम. खरं काम सांध्यांचं, आणि लोक नेमकं तेच टाळून थेट पॉलिशच्या डब्याकडे जातात. करकरणाऱ्या पलंगाला कितीही चमक आणली तरी तो करकरतोच, आणि दर रात्री हलणारा सांधा नवं पॉलिशही तडकवतो.

पलंगाची जुनी बांधणी साल आणि कुसू अशी असते. एका लाकडात खाच, म्हणजे साल, आणि दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ, म्हणजे कुसू. त्यात पूर्वी सरस लावत. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा, पाण्याने आणि उष्णतेने मऊ होणारा. आपल्या दमट हवेत तो कालांतराने पीठ होतो. पण एक लक्षात ठेवा, पलंगाचे सगळे सांधे चिकटवायचे नसतात. लांबीचे दोन दांडे डोक्याच्या आणि पायाच्या चौकटीत बसतात ते मुद्दाम सुटे केलेले असतात, लाकडी पाचर किंवा लोखंडी बोल्टवर. पलंग दारातून आत यायचा तर तो सुटला पाहिजे. तिथे डिंक ओतलात तर पुढच्या पिढीला तो करवतीने कापावा लागेल. तिथे फक्त पाचर बदला, किंचित जाड, त्याच लाकडाची.

डोक्याच्या चौकटीतले हलणारे सांधे मात्र पूर्ण उघडायचे. आधी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने नंबर घाला आणि फोटो काढा. जुन्या सुतारानेही पटाशीने खुणा केलेल्या असतील, एक रेघ, दोन रेघा, त्या शोधा, म्हणजे चुकणार नाही. सांध्यात आडवी लाकडी खुंटी असेल तर ती आधी पलीकडून ठोकून काढा. मग गरम पाण्यात भिजवलेला फडका सांध्याभोवती दहा-पंधरा मिनिटं गुंडाळा, सरस मऊ होतो. मध्ये लाकडाचा ठोकळा धरून लाकडी मोगरीने हलके ठोके द्या. लोखंडी हातोडी थेट मारू नका. सुटत नसेल तर पुन्हा फडका, पुन्हा ठोके. आत कुणीतरी लोखंडी खिळा मारलेला असू शकतो, तो शोधून काढल्याशिवाय जोर लावलात तर कुसू फाटेल. हा खिळा दर दोन पलंगांत एकदा तरी सापडतोच.

उघडल्यावर जुना सरस पूर्ण खरवडून काढायचा. नवा डिंक जुन्या सरसावर धरत नाही, लाकडावर धरतो. कुसू सैल झाली असेल तर तिच्या दोन्ही अंगांना पातळ सागाची पट्टी चिकटवा आणि वाळल्यावर रंध्याने हळूहळू उतरवत सालीत घट्ट बसेल अशी करा. भुसा आणि डिंक कालवून फट भरायची नाही, ते वर्षभरात सुटतं. लाकूड साग असेल तर चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घ्या, त्याच्या अंगचं तेल डिंकाला धरू देत नाही. डिंक पाण्याला टिकणारा, मरीन प्रकारचा फेविकॉल घ्या. साधा पांढरा आपल्या पावसात मऊ पडतो.

आवळायला शिकंजे (क्लॅम्प) नसतील तर काथ्याची दोरी घ्या. चौकटीभोवती दोन फेरे, मध्ये काठी घालून पीळ द्या, काठी चौकटीला बांधून टाका. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर दोरीचे वळ उमटतात. लगेच दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, नसतील तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर दाब देऊन सारखे करा. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावूनही बघा, पण मोठ्या चौकटीत कर्ण जास्त खरं सांगतो. मग एक दिवस हात लावायचा नाही.

कपाटाच्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते. ती खुळखुळते म्हणून तिला डिंक लावू नका. पावसात तिला फुगायला जागा लागते. चिकटवलेली फळी मधोमध फाटते.

आता जुना थर काढणं. काय आहे ते आधी ओळखा. कपाटाच्या आतल्या कडेला कापसाने स्पिरिटचा थेंब ठेवा. दोन मिनिटांत चिकट झालं तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. तुमचं काळपट, चिकट कपाट नव्वद टक्के चपड्याचंच आहे, आणि तो काळेपणा पॉलिशचा नसून त्यावर बसलेल्या धुराचा, धुळीचा आणि मेणाचा आहे. त्याला घासायची गरजच पडणार नाही. आधी टर्पेंटाइनमध्ये फडका भिजवून सगळं पुसा. फडका काळा होत जाईल, बदलत राहा. मग बारीक स्टील वूल स्पिरिटमध्ये बुडवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा आणि लगेच पुसा. जुना थर निम्मा निघेल, निम्मा एकसारखा पसरेल. बहुतेक कपाटं इथेच अर्धी सुधारतात आणि मालक विचारतात, हे लाकूड इतकं सुंदर होतं?

पलंगाचा हिरवा ऑइलपेंट वेगळा. इथे मी तुम्हाला हात जोडून सांगतो, तो मशीनने कोरडा घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. ती धूळ घरात बसली की लहान मुलांच्या हातातोंडातून पोटात जाते, आणि मुलांच्या मेंदूला शिशाने जी इजा होते ती भरून येत नाही. रंग काढायचं रसायन लावा, खोलीत नाही, पडवीत किंवा खळ्यात, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. रंग फुगला की बोथट पत्रीने ओला असतानाच खरवडा, वर्तमानपत्रात गुंडाळा, शेतात किंवा विहिरीकडे टाकू नका. नक्षीत आणि कातीव गोलाव्यांत काथ्याचा तुकडा पिळून दोरीसारखा ओढला की रंग निघतो. कॉस्टिक सोडा वापरायला कुणी सांगेल. त्याने साग आणि ऐन काळे पडतात आणि सांधे सुटतात. पलंग उन्हात ठेवूनही वाळवू नका. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर जे सामान माझ्याकडे आलं, त्यात पाण्याने बिघडलेलं कमी होतं. चिखल धुऊन सावलीत, दारं-खण काढून हळूहळू वाळवलेलं बहुतेक वाचलं. कडक उन्हात उभं केलेलं पिळवटलं, आणि त्याला उपाय नव्हता.

रंग निघाल्यावर दोन प्रकारचे डाग दिसतील. डोक्याकडच्या फळीवर गोल, गडद पट्टा असेल, तो खोबरेल तेलाचा, तीन पिढ्यांच्या डोक्यांचा. त्यावर पॉलिश बसत नाही, डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. टर्पेंटाइनने दोन-तीनदा पुसा, मग खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्या आणि वाळल्यावर झटका, ती तेल ओढून घेते. दुसरा डाग खिळ्यांभोवतीचा निळा-काळा. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं आणि लाकडातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, मिळून शाईसारखं होतं. खिळा काढून पितळी स्क्रू घाला. डागावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, अर्धा लिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम, ब्रशने लावा. डाग उतरला की स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्या आणि दोन दिवस वाळवा. हे विषारी आहे, आणि न धुता घासलंत तर त्याची पूड नाकात जाते.

पॉलिश पेपर 120, मग 180, मग 220, हाताने, ठोकळ्याला गुंडाळून, नेहमी रेषेच्या दिशेने. 220 च्या पुढे या टप्प्यावर जायचं कारण नाही.

सागाची आणि शिसवीची छिद्रं उघडी असतात, ती भरायला खडूची पूड पातळ पॉलिशमध्ये कालवून चोळतात. त्यात पिवडी आणि हिरमजी, म्हणजे पिवळी आणि तांबडी रंगमाती, घालून ती लाकडाच्या रंगाहून किंचित गडद करा. पांढरी भरलीत तर दोन वर्षांनी प्रत्येक छिद्रात पांढरा ठिपका दिसेल. बाजारातल्या कितीतरी सामानावर ते दिसतं. फणसाला भरणी मी लावतच नाही.

पॉलिशसाठी चपड्याचे पापुद्रे आणा, तयार बाटली नको. 100 ग्रॅम पापुद्रे, 600 मिली स्पिरिट, काचेच्या बरणीत रात्रभर, मध्ये मध्ये हलवत, मग मलमलीतून गाळा. लोखंडी डब्यात ठेवलंत तर काळं पडतं. पलंग आणि कपाट मिळून पाव किलो पापुद्रे आणि दीड लिटर स्पिरिट पुरेल. सहा महिन्यांपेक्षा जुनं वापरू नका, ते नीट वाळत नाही. शंका आली तर काचेवर एक थेंब टाका, तासाभरात नखाला कडक लागला पाहिजे. स्पिरिट पेट घेतं आणि विषारीही आहे, देव्हाऱ्यातल्या समईपासून दूर, खिडक्या उघड्या.

बोळा करायचा तो असा: मुठीएवढा कापूस किंवा जुनी लोकर, वर धुतलेल्या सुती धोतराचं कापड, खाली एकही सुरकुती न ठेवता पिळून बांधलेलं. पॉलिश आतल्या कापसाला पाजायचं, कापडावर ओतायचं नाही. तळहातावर दाबला तर ओल उमटावी, थेंब पडू नये. पहिले दोन हात सरळ रेषेत. ते वाळल्यावर 320 चा वापरलेला पेपर हलका फिरवा, धूळ पुसा. मग गोल, मग आठाच्या आकड्यात, मग पुन्हा सरळ. बोळा फळीवर थांबला की तिथे थर विरघळून खड्डा पडतो, तेव्हा विमान उतरावं तसा फिरता ठेवूनच टेकवा आणि फिरता ठेवूनच उचला. ओढल्यासारखं वाटलं तर बोटाने बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, एक थेंब बोळ्याला लावा, एकच. दिवसाला तीन-चार हात, मग रात्रभर विश्रांती. सात-आठ हातांत लाकूड आतून उजळल्यासारखं दिसायला लागतं. मी तिथेच थांबतो. आरशासारखी चमक आणायला आणखी तेवढेच हात लागतात, आणि झोपायच्या खोलीतल्या पलंगाला ती हवीच असं मला वाटत नाही.

बेलतेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेटतात, काडी न लावता. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

बुटक्या टेबलाच्या वरच्या फळीला मात्र चपडा नको. तिथे पाण्याचा तांब्या, चहाचा कप, सेंटची बाटली येणार, आणि गरम कपाखाली चपडा पांढरा पडतो. तिथे ब्रशने ऑइल व्हार्निशचे तीन पातळ थर द्या. काजूच्या टरफलाचं तेल लावू का, असंही तुम्ही विचारलंय. ते वाशांना, बाहेरच्या लाकडाला उत्तम, पण कातडीला फोड आणतं. अंग टेकायच्या सामानाला कधीच नाही.

पितळी कड्या, बिजागऱ्या काढून आमसुलाच्या पाण्यात किंवा चिंचेत घासा, धुऊन पूर्ण वाळवून बसवा. कपाटाच्या आरशावर काळे ठिपके आले असतील तर राहू द्या. काच जुनी, जाड आणि किंचित लाटदार असेल तर तशी पुन्हा मिळत नाही.

पॉलिश संपल्यावर पंधरा दिवस गादी घालू नका, कापडाचा ठसा उमटतो. मग मधमाशांचं मेण एक भाग आणि टर्पेंटाइन तीन भाग, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, विस्तवावर थेट कधीच नाही. हे पातळ पुसून लावा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने चोळा. पुढे दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, एवढं एकच करायचं.

तेव्हा गणपतीत येताना एक पटाशी, काळा कागद, स्पिरिटची लहान बाटली आणि मोजपट्टी एवढंच आणा. पहिल्या दिवशी कागद पसरा. तुम्ही आठ दिवसांत निघाल, तेव्हा पंधराव्या दिवशी तो बघायला शेजाऱ्यांना सांगून ठेवा आणि फोटो मागवा. पलंगाच्या खालच्या बाजूचे, सांध्यांचे आणि पायांच्या तळांचेही फोटो काढून ठेवा. खालच्या फळीवर पेन्सिलची अक्षरं किंवा आकडे दिसले तर ते पुसू नका, तिथे पॉलिशही लावू नका. ते फोटो आणि पूड पडली की नाही एवढं मला कळवा. पाय कापावे लागतील का आणि पाठ बदलायची का, ते मी त्यावरून सांगेन, म्हणजे डिसेंबरात येताना लाकूड बरोबर घेऊनच याल.